मल्हाररावांची मॉरिस

सारा मराठवाडा आभाळाकडं डोळे लावून बसला होता, तेव्हा पाऊस लांबला तर बरं असं मनातल्या मनात म्हणणारा एक माणूस पुंडलिकनगरात राहत होता. त्यांचं नाव मल्हारराव. ज्यांनी बहात्तरच्या दुष्काळात बापाची मेंढरं अजिंठ्याच्या माळावर एकेक करून आडवी होताना पाहिली, त्यांनीच असं म्हणावं! खंडोबानं ऐकलं असतं तर जोड्यानं हाणलं असतं, हे त्यांनाही कळत होतं. पण कळतं आणि वळत नाही, तशातली गत.

मेंढरं गेली तेव्हा ते मिसरूड न फुटलेलं पोर होते. शहरात आले, उस्मानपुऱ्यातल्या एका गॅरेजात पाने पुसू लागले आणि पुसता पुसता मिस्त्री झाले. पुंडलिकनगर तेव्हा शहराबाहेर होतं. तिथं दोन खोल्या बांधल्या, पुढं अंगण ठेवलं. बघता बघता शहर अंगणाच्याही पुढं निघून गेलं. मुलगा बिभीषण त्याच गॅरेजात लागला. बापापेक्षा हात हलका, आणि डोकं जरा जास्तच चालणारं.

मॉरिस त्यानंच आणली. जुना एक बंगला पाडून तिथं फ्लॅट होणार होते. मागच्या शेडमधली ती छोटीशी मोटार भंगारात निघाली होती. बिभीषणानं ती टेंपोत घालून अंगणात उतरवली. सीटवर कोंबड्यांनी संसार थाटलेला, एक दार तारेनं बांधलेलं. भंगारवालाही हिला हात लावणार नाही, असं सखूबाई म्हणाली. आईच असं बोलली म्हटल्यावर पोराला चेव आला. गाडी उभी करायची, फुलं लावायची, नवरदेवांना मिरवायला भाड्यानं द्यायची, असा त्याचा बेत. मात्र पहिल्यांदा बसणार शीला. शीला म्हणजे त्याची बायको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

ते व्हायचं नव्हतं. दोन हजार तेरा सालच्या उन्हाळ्यात शहराला पाण्याचे टँकर रात्रंदिवस धावत होते. खेपा जास्त, घाई त्याहून जास्त. बायपासवर अशाच एका टँकरखाली बिभीषण गेला.

मल्हारराव रडले नाहीत. दिवसपाणी आटोपलं, गॅरेज सोडलं आणि ते अंगणात मॉरिसपाशी बसले. पत्रा ठोकून सरळ करायचा, पुटी भरायची, घासायची, परत भरायची. इंजिन उतरवून एकेक भाग रॉकेलमध्ये धुवायचा. शीला चहा घेऊन यायची आणि तिथंच थांबायची. हळूहळू ती पॉलिश पेपर हातात घेऊन मडगार्ड घासू लागली. मागितला तो पाना न बघता देऊ लागली. सुनेच्या बांगड्या गाडीच्या पत्र्यावर वाजायच्या आणि मल्हाररावांना वाटायचं, पोरगा घरातच कुठंतरी आहे, एवढ्यात येईल.

वर्षश्राद्ध झालं आणि शीलाचा भाऊ स्थळ घेऊन आला. अजिंठ्याचा पुंजाराम. लेणीच्या रस्त्यावर चहाचं हॉटेल, बायको वारलेली, माणूस निर्व्यसनी. त्यांच्या समाजात विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, त्यात वावगं काही नाही. सखूबाई लगेच हो म्हणाली. तरण्या पोरीनं भिंतीकडं बघत जन्म काढावा असं तिला वाटत नव्हतं. शीला नाही म्हणाली नाही. सगळ्यांनी मल्हाररावांकडं पाहिलं.

"बिभ्याची गाडी तेवढी उभी राहू द्या," ते म्हणाले. "मग लावू पाट."

मागणं रास्त होतं. पोराचं शेवटचं काम, दोन महिन्यांचा प्रश्न. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि मग मल्हाररावांचा हात जड झाला. सरळ केलेलं मडगार्ड त्यांना वाकडं दिसू लागलं. नीट बसवलेला कार्ब्युरेटर त्यांनी पुन्हा खोलला. इंजिन बांधून झालं, ते उतरवून परत बांधलं. सबबी संपत आल्या तेव्हा दुष्काळ मदतीला धावला. गाडी चालू करायची तर रेडिएटरात पाणी हवं, आणि इथं नळ चार-चार दिवस कोरडा. माणसांच्या तोंडचं पाणी काढून गाडीला पाजायचं का? पाऊस होऊ द्या, विहिरी भरू द्या, मग बघू. या बोलण्यावर कोण काय बोलणार? चौदा सालचा पाऊस दगा देऊन गेला, पंधराचाही. पुंजारामचे निरोप येत राहिले. टँकरच्या रांगेत बायका शीलाला विचारायच्या, अजून इथंच का गं? ती हसल्यासारखं करायची. पोरगी दिवसेंदिवस वाळत चालली होती. मल्हाररावांना ते दिसत होतं, आणि ते मान फिरवून पाना शोधायचे.

एक दिवस सखूबाईनं तोंड उघडलं. "गाडीच्या आडून पोरगी धरून ठेवली तुमी," ती म्हणाली. मल्हारराव तिच्यावर खेकसले. खरं बोललेलं झोंबतंच.

सोळा सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाला, पाच दिवसांच्या खंडानंतर गल्लीत टँकर आला. बायकांची झुंबड उडाली, पाइपवरून भांडणं झाली. शीला भरला हंडा कमरेवर घेऊन आली, पण घरात गेली नाही. सरळ गाडीपाशी आली, बॉनेट उचललं, रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि हंडा वाकवला.

"शीला, प्यायचं पाणी हाय ते."

"व्हय मामा. माझ्या वाट्याचं हाय. मी नाय पिणार आज." हंडा रिकामा होईपर्यंत ती थांबली नाही. मग म्हणाली, "पुंजारामनं शेवटचा निरोप धाडलाय. आता दुसरीकडं बघतो म्हनला. ह्यांना मी इसरले नाय, मामा. पन मला जायचंय."

तेवढ्यात खालून टप टप आवाज आला. रेडिएटर गळत होता. किती दिवसांची ही गळती त्यांनी मुद्दाम राहू दिली होती! बघ, गळतंय, आता हे उतरवायला लागेल, असं अगदी त्यांच्या ओठावर आलं. पण शीला खाली बसली होती. गळणाऱ्या धारेखाली तिनं ओंजळ धरली होती. तेवढं पाणी तरी मातीत जाऊ नये म्हणून.

मेंढरं मेली तेव्हा मल्हाररावांची आई अशीच कोरड्या झऱ्यापाशी ओंजळ धरून बसली होती. आपण काय चालवलंय हे? गेलेल्यापायी जित्या जिवाला कोंडून घातलं.

बारीक गळतीला रेडिएटरात हळद टाकतात, हे कुठल्याही गॅरेजात ठाऊक असतं. मल्हाररावांनी हळद मागितली नाही. कमरेला कायम असायची ती भंडाऱ्याच्या हळदीची पिशवी सोडली आणि खंडोबाचं नाव घेऊन ती सगळी आत रिकामी केली. हँडल लावलं, फिरवलं. दोनदा नुसती खोकली, तिसऱ्यांदा गाडी चालू झाली. धार बारीक झाली, मग थांबली. शीलाच्या ओंजळीत पिवळं पाणी होतं.

दुसऱ्याच दिवशी पुंजारामला होकार गेला. पाट लागायचा तर अंधार पडल्यावर, आणि बाई जायची ती मागच्या बाजूनं, सवाष्णींच्या नजरेला पडू नये म्हणून. भावकीनं तसंच ठरवलं होतं. मल्हारराव म्हणाले, माझ्या घरची पोरगी आहे, चोरी केलेली नाही. भरदिवसा, पुढच्या दारानं त्यांनी शीलाला गाडीत आपल्याशेजारी बसवलं. मागं सखूबाई बसली. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघत राहिल्या.

अजिंठ्यापर्यंत गाडी कुठं अडली नाही. शीला पाया पडली तेव्हा मल्हाररावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. सखूबाईनंच शेवटी त्यांचा हात बाजूला घेतला.

परत येताना शीलाच्या जागी सखूबाई बसली. दोन्ही बाजूंना करपलेलं रान. सिल्लोडच्या पुढं मल्हाररावांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. सखूबाईनं पाणी संपलं का विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग तिला कळलं. ती हळूच म्हणाली, "आता गेला बघा आपला बिभ्या."

"व्हय," मल्हारराव म्हणाले, आणि स्टेअरिंगवर डोकं टेकून, तीन वर्षांचं एकदम, लहान पोरासारखे रडू लागले.