शालूबाईंच्या गच्चीवरचा दोडका

विश्रामबागेत जयराजच्या गच्चीवर रंगाच्या बारा रिकाम्या बादल्या, आणि त्या बादल्यांवर शालूबाईंचं राज्य. नवरा गेल्यावर म्हातारी औंधकडचा मळा सोडून लेकाकडं आली ती बियांची पुरचुंडी कनवटीला लावूनच. मिरची, वांगी आणि दोन बादल्यांत दोडका. पाणी घालायची त्यांची रीत ठरलेली. आधी मातीत बोट खुपसायचं, दुसऱ्या पेराला ओल लागली तर थेंबसुद्धा नाही. वर उसाच्या पाचटाचा थर. "झाडं तहानेनं कमी मरत्यात, लाडानं जास्त," असं येईल त्याला ऐकवायच्या.

गच्चीवरची खोली भाड्यानं द्यायची ठरली, तेव्हा जयराजनं बजावलं, "आई, जात बघायची न्हाई." छे, शालूबाई कशाला बघतील! त्यांनी नुसतं आडनाव विचारलं.

"कांबळे. दीक्षा कांबळे," पोरगी हसून म्हणाली. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायला आली होती.

"बरं, बरं. माझ्या झाडांस्नी तेवढा हात लावू नगंस."

दोडका असा लागला, की गल्लीभर वाटून उरला. शालूबाईंची मान ताठ. पण एका सकाळी बादलीपाशी एक फूल सापडलं. पाकळ्या उपटलेल्या, नुसता दांडा शिल्लक. दुसऱ्या दिवशी तसलीच चार. उंदीर काही पाकळ्या सोलत बसत नाही. हे माणसाचं काम, आणि गच्चीवर माणूस एकच. करणी तर नव्हे? झालं, डोक्यात किडा शिरला. पोरगी हसली तर का हसली, नाही हसली तर पोटात पाप! आपण संध्याकाळी देवळात जातो, तेवढ्यातच हे होतं, हे त्यांनी ताडलं.

एका संध्याकाळी त्या अर्ध्या वाटेतनंच माघारी फिरल्या. दीक्षा वेलापाशी उभी, हातात सोललेलं फूल!

"आजी, मी फक्त..."

"गप! पयल्याच दिशी सांगितलं व्हतं न्हवं? खोली सोड!"

जयराजनं परोपरीनं समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. आठवड्यात पोरगी पुस्तकांची खोकी घेऊन गेली. कुणाला उलटून बोलली नाही, आणि त्याचाही शालूबाईंना संशयच आला.

पंधरवडा गेला. वेलावर फुलं मायंदाळ, पण करंगळीएवढा दोडका धरायचा, पिवळा पडायचा, गळायचा. शालूबाईंनी बोट घालून ओल बघितली, शेणखत घातलं, मिरच्या ओवाळून टाकल्या. शेवटी दीक्षाला फोनच लावला.

"काय करून गेलीस गं माझ्या वेलाला?"

"आजी, तुमच्या गच्चीवर माश्या-भुंगे येत नाहीत. मी आले तेव्हा पहिलेच दोडके गळत होते. म्हणून मी नराच्या फुलाच्या पाकळ्या काढून ते दुसऱ्या फुलावर फिरवायचे. ज्याच्या देठाशी इवलासा दोडका असतो ना, त्याच्यावर. आमचे पप्पा असंच करतात. तुम्ही हात लावू नको म्हणाला होतात, म्हणून चोरून केलं. त्या दिवशी तेच सांगत होते."

शालूबाईंची सगळी हयात रानात गेली, पण मळ्यात ते काम माश्या करायच्या. माणसाला कधी करावंच लागलं नव्हतं. त्या दिवशी दिवस कलता फुलं उमलली, तशी त्यांनी एक नर खुडला, पाकळ्या काढल्या, फिरवला. चौथ्या दिवशी दोडका न गळता वीतभर वाढला. आता कुठं त्यांना कळलं, की गल्लीभर मिरवले ते दोडके कुणाच्या हातचे होते. लाजेनं जीव अर्धा झाला.

त्यांनी परत फोन केला. "चुकलं माझं, पोरी. ये की माघारी. खोली रिकामीच हाय."

"नको, आजी. इथं बरं आहे," दीक्षा मऊपणानं म्हणाली. "वेलाला काही झालं तर विचारा."

जयराज जिन्यात उभा राहून ऐकत होता. "जाऊ दे, आई," तो म्हणाला. "तू फुलं बघितलीस, म्हणून संशय आला तुला."

शालूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "न्हाई रं बाबा. फुलं मागनं बघितली. संशय तिनं आडनाव सांगितलं तवाच आला व्हता."