माझ्या वाटचं मलम

आमच्या लहानपणी खरजेला कोणी लाजत नव्हतं. खोबरेलात गंधक घालून अंगाला चोपडायचं, कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ करायची, की झालं. लाजायला मी म्हातारपणी शिकले, घरात पांढरी फरशी आल्यावर. आणि माझ्या त्या लाजेपायी एका बाईची आमच्यासकट पाच घरं सुटली. तेच आज लिहायला बसले आहे.

माझा नातू तेव्हा पाच महिन्यांचा होता. त्याला मालिश करायला सक्करदऱ्याहून एक बाई यायची. आमच्या गल्लीत आणखी चार घरची बाळं तिच्याच हातची. हिवाळ्याच्या उन्हात ती गच्चीवर पाय लांब करून बसायची आणि रडतं पोर पायांवर घेतलं की ते गप्प व्हायचं. मी बाजूला शेगडीपाशी, धुरीसाठी निखाऱ्यावर ओवा टाकत.

"आजी, तुमचा नातू पैलवान होते, पाहून घ्या."

"तू दर घरी हेच सांगतेस वं."

"सांगतो. पन इथं खरं सांगतो."

तिच्याशी बोलता बोलता मी बोटांच्या बेचक्या खाजवत असायची. त्याआधी महिना-दीड महिना मी रामटेकजवळ भावाकडे राहून आले होते. धानाची कापणी चालू होती, घर भरलेलं, मी त्याच्या नातवंडांबरोबर एकाच रजईत झोपायची. ती पोरं झोपेतही खाजवायची, हे मी पाहिलं होतं. माझं मला सुरू झालं तेव्हा मात्र म्हटलं, थंडी आहे, कातडी कोरडी पडते. मग बाळाच्या तळहातांवर आणि तळपायांवर बारीक पाणेरी पुटकुळ्या उठल्या. लेकरू रात्रभर किरकिर करू लागलं.

मुलगा आणि सूनबाई त्याला धंतोलीत कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, खरूज आहे. बारीक किडा कातडीखाली घर करतो आणि जवळ झोपल्यानं, अंगाखांद्यावर घेतल्यानं एकाचा दुसऱ्याकडे जातो. खाज असो की नसो, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी मलम लावायचं, रात्रभर ठेवायचं, कपडे-पांघरुणं गरम पाण्यात धुवायची. एक जण राहिला तर सगळी मेहनत वाया.

सूनबाईनं मालिशवालीलाही मलम दिलं आणि एक ट्यूब माझ्या हातात ठेवली.

"आई, गळ्यापासून खाली सगळीकडे. बोटांच्या मधे, नखांखाली, बेंबीतसुद्धा."

"मले काय झालं? मी दोन टाइम आंघोळ करते."

"तुम्हाला झालं असं कुठं म्हणते मी? सगळ्यांना सांगितलंय."

"लावते गं."

नाही लावलं. ट्यूब कपाटात साड्यांखाली सारली. कारण काय सांगू? बाळाला घेण्याआधी हात धुतले का, असं सुनेला दिवसातून दहादा विचारणारी मी. ती ट्यूब उघडली असती तर रोग माझ्याच अंगावर होता हे मला स्वतःशी तरी मानावं लागलं असतं. सकाळी तिनं विचारलं, "लावलं ना?" मी हो म्हटलं. आणि दुपारी रोजच्यासारखं बाळाला कुशीत घेऊन झोपले.

तीन आठवडे बरे गेले. मग त्याच जागी पुन्हा पुटकुळ्या. मुलगा वैतागला. घरच्या सगळ्यांनी तर लावलं होतं, मग राहिलं कोण? तो गच्चीवर आला आणि तिला म्हणाला, "बाई, उद्यापासून नका येऊ."

"मी लावलं जी. घरच्या साऱ्याईले लावलं."

"मग पुन्हा कुठून आलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझी बोटं शालीत होती. "आजी, तुमी तरी सांगा."

मी म्हटलं, "ओवा जळून राहिला," आणि शेगडी घेऊन खाली उतरले.

त्या रात्री दार लावून मी ट्यूब उघडली. बाळाला आणि घरच्या सगळ्यांनाही त्याच दिवशी पुन्हा लावलं होतं. आठवड्यानं परत एकदा लावलं. या वेळी तो खडखडीत बरा झाला. आणि घरात सगळे म्हणू लागले, पाहा, ती गेली आणि बरं झालं. तोवर गल्लीतल्या चारही घरांनी तिला बंद केलं होतं.

महिन्याभरानं मी सुनेला सगळं सांगितलं. ती बाळाच्या कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, "हे मला नाही, तिला सांगायला हवं."

एक साडी घेऊन मी ऑटोनं सक्करदऱ्याला गेले. तिनं पाणी दिलं, ऐकून घेतलं.

"मले माहीत होतं जी. तुमच्या बोटाईत पाह्यलं होतं म्या."

"मग बोलली काहून नाही वं?"

"तुमच्या पोरासमोर? कोनं मानलं असतं?" साडी तिनं परत माझ्या पिशवीत घातली. "मले सांगून काय फायदा. त्या चार घरी सांगा."

तीन घरी मी गेले. एकीनं ऐकून घेतलं, एक हसली. तिसरी म्हणाली, "असू द्या ना काकू, आता दुसरी लावली आम्ही." चौथं घर माझ्या मैत्रिणीचं. तिच्या अंगणात चहा पिताना मी स्वतःच्या तोंडानं म्हणाले होते, "त्या बायांच्या घरी स्वच्छता कुठली." ते घरच्यांनी नाही, मी पसरवलं होतं. त्या घराच्या फाटकाला हात लावला आणि परत आले.

नातू आता दोन वर्षांचा आहे. मागे भाजीबाजारात ती भेटली. आता लांबच्या वस्तीत जाते, दोन ऑटो बदलून. तीन घरी मी सांगितल्याचं तिच्या कानावर गेलं होतं. नातू तिच्याकडे धावला. तिनं दोन्ही हात पदरात घेतले आणि नुसती खाली वाकून त्याला पाहत राहिली.

"चौथ्या घरी गेल्या का आजी?"

"नाही गेली."

"बरं," ती म्हणाली, आणि मेथीची जुडी निवडू लागली.