पट्ट्यांच्या कागदावरची माझी सही

गणपतअण्णा गेल्याचं कार्ड मला त्यांचं तेरावं उलटून गेल्यावर मिळालं. कुंडलहून त्यांच्या थोरल्या मुलीनं लिहिलं होतं, ‘आबा गेले. तुमचं नाव नेहमी काढायचे, म्हणून कळवते.’ मी ते कार्ड दोनदा वाचलं. रडू आलं नाही. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं अशी आपली रीत आहे, आणि अण्णांविषयी बोलण्यासारखं चांगलं पुष्कळ आहे. पण ज्या माणसानं मला उभं केलं, त्यानंच मला पाडलं…

महायुद्ध संपल्यावर मी लष्कराच्या सामानकोठीतून सुटून साताऱ्याकडच्या खंडाळ्याजवळ आमच्या गावी आलो. अण्णांचा धाकटा भाऊ कोठीत माझ्याबरोबर होता, त्याच्या ओळखीवर मी सांगली गाठली. तिथल्या एका यंत्रसामानाच्या दुकानात अण्णा मुख्य कारकून होते. ‘‘पोरगं मोजमापाला पक्कं हाय,’’ असं सांगून त्यांनी शेठजींकडे माझ्यासाठी शब्द टाकला. दुकानाचा माल विलायतेहून यायचा, त्यात मुख्य म्हणजे गिरण्यांचे आणि उसाच्या चरकांचे पट्टे. माल मुंबईला बोटीतून उतरला की त्यावर कुठल्या कलमाखाली किती जकात बसवायची, हे कागदावरच्या वर्णनावरून ठरे. यंत्राच्या पट्ट्याला जकात हलकी, अंगावर वापरायच्या पट्ट्याला भारी. ते वर्णन जमवणं हे माझं काम. टपालानं आधी नमुना यायचा. त्याची रुंदी नि जाडी मोजायची, कापलेल्या कडेला टाचणी घालून पदर किती ते बघायचं. एक धागा उपसून पेटवायचा. जळक्या केसांचा वास आला तर लोकर, कागदासारखा आला तर सूत, काळा धूर निघाला तर रबर. हे सगळं मला अण्णांनी शिकवलं. कवठे महांकाळच्या गिरणीवाल्याकडे त्यांनी मला स्वतः नेलं होतं. ‘‘पट्टा कुठल्या चाकावर चढतोय ते डोळ्यांनी बग. इचारून लिवू नगंस,’’ असं बजावलं होतं. परतताना एसटी नव्हती, मिळाली ती बैलगाडी. पण अण्णा सगळ्या वाटेनं हसत होते. इतकं हसणारा माणूस मी नंतर पाहिला नाही.

माझं इंग्रजी तेव्हा कामापुरतंही नव्हतं. मी मराठीत लिहून द्यायचो, अण्णा त्याचा इंग्रजी कागद करायचे आणि नमुना तपासणारा म्हणून खाली सही मी करायचो.

एकदा कातड्याचा अरुंद नमुना आला. एका टोकाला पाच भोकं, दुसऱ्या टोकाला बक्कल. लष्करात असलेच पट्टे मी हजारांनी मोजले होते. मी लिहिलं, ‘कमरेचे पट्टे, बक्कलसह.’ अण्णांनी इंग्रजी कागद पुढे ठेवला तेव्हा त्यावर बेल्ट हा शब्द मला ओळखू आला. पुढचं समजेना.

‘‘अण्णा, कमरेचं हाय असं लिवलंय न्हवं?’’

‘‘लिवलंय रं गड्या. कर सही.’’

मी केली.

महिन्याभरानं मुंबईत खोकी फोडली गेली. कागदावर गिरणीच्या यंत्राचे पट्टे आणि खोक्यात कमरेचे. माल अडकला, दुकानावर खुलाशाची नोटीस आली. शेठजींनी सगळ्यांना गादीसमोर उभं केलं. मी अण्णांकडे पाहत होतो. आता ते बोलतील, आता बोलतील… अण्णा बोलले. ‘‘तपासणी ह्यानं केली. सही ह्याची हाय.’’ माझा मराठी कागद मी मागितला. तो फाइलीत नव्हता.

त्याच दिवशी मला काढलं. साताऱ्याच्या सरकारी कोठारात माझी नेमणूक होत आली होती. दुकानाचं पत्र तिथंही पोहोचलं आणि ती गेली. वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘सही तुजी हाय का?’’

‘‘हाय.’’

‘‘मग बोलू नगंस.’’

त्यानंतर कित्येक महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. मी साताऱ्याच्या एका म्हाताऱ्या मास्तरांपुढे बसून इंग्रजी शिकलो, ते निव्वळ रागानं. पुढे शाळेत कारकून झालो. अण्णांना पुन्हा भेटलो नाही.

कार्ड आल्यावर मात्र कुंडलला गेलो. घराच्या पुढच्या सोप्यात मुली, जावई, शेजारी बसले होते. थोरली म्हणाली, ‘‘आबा सांगायचे, तुमच्या हातून दुकानात मोठी चूक झाली हुती, पर त्यांनी तुमाला तुरुंगातनं वाचवलं.’’ सगळ्यांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं. माफ केलेल्या माणसाकडे पाहतात तसं. इतकी वर्षं या घरात मी गुन्हेगार होतो, आणि अण्णा माझे तारणहार!

अण्णांच्या पत्नीनं, वहिनींनी, मला आतल्या खोलीत बोलावलं. मी उभ्यानंच म्हणालो, ‘‘वहिनी, ते खोटं हाय.’’

‘‘ठावं हाय मला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘शेठनं सांगितलं तसं त्यांनी लिवलं. तुमचा कागद हितं आणून चुलीत घातला. मी बघितलाय.’’

‘‘आन् तुमी गप ऱ्हायला?’’

त्यांनी मान खाली घातली. ‘‘व्हय. ऱ्हायले.’’

‘‘मी हे लिवणार हाय, वहिनी. छापून येईल.’’

‘‘लिवा. पोरींना मी सांगते. पर तुमाला कामाला त्यांनीच लावलं, हाताला धरून शिकवलं, त्ये बी लिवा.’’

बोलता बोलता त्या उठल्या. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन अण्णांच्या रिकाम्या पलंगावर आलं होतं. त्यांनी खिडकीची एक फळी ओढून घेतली, ऊन उशीवरून सरकेपर्यंत. ‘‘त्यास्नी तोंडावर ऊन सोसायचं न्हाई,’’ त्या म्हणाल्या, आणि फळी हलू नये म्हणून तिथंच हात लावून उभ्या राहिल्या.