रॅडिएटरातली कांजी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही विलासला ओळखत नाही — आणि रफिकलाही नाही.

विलास माझा साडू. त्याने रॅडिएटरवाली मोठी मोटारसायकल घेतली. गावी जाताना ती माझ्या दारात लावून गेला. आदल्याच दिवशी रफिककडून सर्व्हिसिंग करून आणली होती. रफिकचं टेमघरला गॅरेज आहे. विलास आणि तो शाळेपासूनचे दोस्त, एकाच्या ताटात दुसऱ्याचा हात. निघताना विलास म्हणाला, "दादा, नुसती झाकून ठेवा. हात लावू नका."

मी हात लावला.

प्रेमापोटी पुसायला घेतली असं म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल. मला ती हाताळायची होती, बस. रॅडिएटरच्या बारीक जाळीत चिखल अडकला होता. मी सायझिंगमध्ये कारकून — म्हणजे सूत लूमवर चढण्याआधी त्याला जिथे कांजी लावतात तिथे. माझ्याकडे लूमच्या फणीची एक तुटकी तार होती, पातळ, चपटी. चिखल काढायला याहून चांगलं काय असणार? — असं मला वाटलं. तार आत गेली. जरा जास्तच गेली. कूलंटचा हिरवा थेंब आला. मग दुसरा.

अशा वेळी माणूस काय करील? रफिककडे जाईल. पण मग विलासला कळलं असतं. आणि मला आमच्या कारखान्यातला पाइप आठवला — त्याच्या जोडातून उकळती कांजी झिरपते, वाळते, आणि स्वतःच गळती बंद करते. वर्षानुवर्षं बघतोय. मी जेवणाच्या डब्यातून घट्ट कांजी घरी आणली आणि रॅडिएटरात ओतली.

गळती थांबली! खरं सांगू? त्या संध्याकाळी मी इंजिनिअरसारखा चाललो.

विलास परतला आणि सासूबाईंना मागे बसवून गणेशपुरीला निघाला. त्यांच्या गुडघ्यांना तिथलं गरम पाणी मानवतं. वाटेत अंबाडी गावाच्या अलीकडे गाडीनेच वाफ सोडली. पुढचा प्रवास सासूबाईंनी पेंढ्याच्या टेम्पोत, ड्रायव्हरशेजारी बसून केला. त्या खूश होत्या. विलास नव्हता.

गाडी ढकलत, टेम्पोत चढवत गॅरेजात आणली तेव्हा मीही होतो. का गेलो? न जाणं संशयास्पद दिसलं असतं. रफिकने रॅडिएटर उघडला, बोटावर एक पांढरट गोळा घेतला, हुंगला.

"कांजी हाय ही. कुणीतरी आत कांजी ओतलीय."

"रॅडिएटरात कांजी?" विलास ओरडला. "उद्या साबुदाण्याची खिचडी काढशील! स्वस्तातलं कूलंट भरलंस, आता वर गोष्टी सांगतोस?"

"आईशपथ, मी असलं काय टाकलं न्हाय."

"मग मी टाकलं? का सासूबाईंनी?" विलास माझ्याकडे वळला. "दादा, तुमचा जन्म सायझिंगमध्ये गेला. तुम्हीच सांगा, ही कांजी आहे?"

बघा — इथे मी थांबू शकलो असतो. तो गोळा मी दोन बोटांत चोळला. तज्ज्ञासारखा. आमच्याच कढईतली कांजी मी ओळखणार नाही?

"छे," मी म्हणालो. "कांजी अशी नसते." आणि हसलो. गॅरेजातले सगळे हसले — पण सगळ्यांत मोठ्याने मी.

रफिक हसला नाही. "मग मी येडाच," एवढंच म्हणाला.

त्या दिवसापासून ते दोघं बोलत नाहीत. विलास सर्व्हिसिंगला कल्याणला जातो. रफिकच्या गॅरेजाला लोक 'खिचडी सेंटर' म्हणतात. पहिल्यांदा कोण म्हणालं, ते मला विचारू नका — बरं, मीच म्हणालो.

यंदा ईदला त्याने शीरखुर्म्याचा डबा आमच्याकडे पाठवला. विलासकडे नाही. फोनवर म्हणाला, "दादा, तुम्ही तरी माझ्याशी बोलता." मी दोन वाट्या खाल्ल्या. डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून बायकोने त्यात करंज्या भरल्या. मी तो घेऊन गॅरेजात गेलो, रफिकच्या हातात दिला, करंज्या सकाळच्याच आहेत एवढं सांगितलं, आणि घरी आलो.