होडीच्या गिअरबॉक्सचं तेल

आमच्याकडे कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. त्यामुळे बाकीचं जग रविवारी जे करतं ते आम्ही गुरुवारी करतो: कपडे, केस, भांडणं. माझे बरेचसे गुरुवार पप्पांना स्कूटरवर मागे बसवून संत तुकाराम नगरहून चाकणला नेण्यात गेले, आणि त्यातल्या एका गुरुवारी आम्ही चक्क होडी दुरुस्त करायला गेलो. चाकणला होडी कुठून आली, असं आईनेही विचारलं होतं. पप्पांनी तिला डबा भरायला सांगितलं.

पप्पा गिअरबॉक्सच्या असेंब्ली लाइनवरून रिटायर झाले. त्यांच्या लाइनीचा एक रिवाज होता. बोल्ट आवळायचा, टॉर्क पाना 'टक्' बोलला की थांबायचं आणि त्यावर पिवळ्या पेनाने रेघ मारायची. रेघ मारली म्हणजे हे काम झालं आणि याला मी जबाबदार. पप्पांची रेघ असलेला एकही गिअरबॉक्स कधी परत आला नाही, असं ते स्वतः सांगतात, आणि खोटं ठरवायला घरात कोणी नसल्यामुळे आम्ही मान डोलावतो. रिटायर झाल्यावर आवळायला काही उरलं नाही, तेव्हा ते घराच्या मागे लागले. नळ, कुकरचं हँडल, खुर्च्यांचे स्क्रू, लोणच्याची बरणी. आई एकदा वरणभातावरच जेवली, कारण बरणी काही केल्या उघडेना.

मग एक दिवस काकांचा फोन आला. हे काका पप्पांच्याच लाइनवरचे, मूळचे चाकणचे. नोकरी सुटल्यावर त्यांनी स्वतःच्या शेतात शेड टाकली होती आणि ट्रकच्या गिअरबॉक्सची कामं घेत होते. "जय भीम, भाऊ. घरी बसून काय करताय राव? या की शेडवर." काका माळकरी, पण एका लाइनवर जन्म काढल्यामुळे ते पप्पांना जय भीम घालतात आणि पप्पा त्यांना रामकृष्णहरी. ही अदलाबदल कधी सुरू झाली ते दोघांनाही आठवत नाही.

पप्पा शेडवर जायला लागले आणि माणसात आले. फक्त एक अट त्यांनी घातली, तीही स्वतःलाच. "ज्या दिवशी माझ्या हातून काम चुकेल, त्या दिवशी हत्यारांची पेटी बंद. म्हातारा म्हणून कोणी सांभाळून घेतलेलं मला चालणार नाही." मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून हे वाक्य वरचेवर यायला लागलं होतं. पेटी बंद झाली तर पप्पा परत टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसणार, आणि त्या खुर्चीतले पप्पा मला बघवत नव्हते.

आता होडी. चाकणच्या कुठल्याशा कंपनीतल्या एका साहेबांनी शिडाची होडी घेतली होती. वारा पडला तर परत येता यावं म्हणून तिच्या पोटात छोटं डिझेल इंजिन आणि त्याला चिकटलेला गिअरबॉक्स. गिअरबॉक्समधून तेल गळायला लागलं आणि किनाऱ्यावरच्या मेकॅनिकला महिनोन्‌महिने सवड मिळेना. साहेबांनी डोलकाठी तिकडेच उतरवली, होडी ट्रेलरवर घातली आणि घाट चढवून थेट काकांच्या शेडवर आणली. गिअरबॉक्स म्हणजे गिअरबॉक्स, आणि चाकणला तो दुरुस्त होणार नाही तर कुठे होणार, असा त्यांचा साधा हिशेब. गावातली निम्मी माणसं तिच्यासोबत फोटो काढून गेली. "आता नुसता समुद्र आनायचा ऱ्हायलाय," काका प्रत्येकाला सांगत होते.

पप्पांनी आठवडाभर खपून सीलं बदलली, नवं तेल भरलं. त्या गुरुवारी चाचणी होती. इंजिनला थंड करायला समुद्र नव्हता, म्हणून त्याचा एक पाइप पाण्याच्या निळ्या ड्रममध्ये सोडला होता आणि मागच्या पंख्याच्या दांड्यावर काका स्वतः नळीने पाणी मारत उभे होते. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. पप्पांनी ऐटीत माझ्याकडे बघितलं आणि लिव्हर पुढे ढकलला.

मागचा पंखा फिरला, अडखळला, परत फिरला आणि कण्हत कण्हत थांबला. इंजिन मात्र मजेत चालू होतं.

पप्पांनी इंजिन बंद केलं. पहिली शंका तेलाची; ते कमी पडलं की आतली पकड घसरते. या गिअरबॉक्सला वर एक बूच असतं आणि बुचालाच खाली तेल मोजायची काडी लावलेली असते. पप्पांनी काडी पुसली, बूच घातलं, पान्याने शेवटच्या आट्यापर्यंत आवळलं, मग खोलून काडी उजेडात धरली. तेल बरोब्बर खुणेवर. "तेल बरोबर आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. तेल बरोबर असेल तर चूक आत होती, त्यांच्या हातची. ते रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहाला गेले. पप्पा चहाला एकटे कधीच जात नाहीत.

मी तिथेच काडी हातात घेऊन बसले. मी भोसरीच्या एका कंपनीत मापं तपासते, आणि आमच्या खोलीत कुठलंही माप चुकलं की पहिला प्रश्न एकच: शून्य कुठे धरलंय? या काडीचं शून्य कुठे होतं? बूच आवळल्यावर की नुसतं टेकवल्यावर? मी सरळ साहेबांना फोन लावला.

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," ते म्हणाले. "पण जेट्टीवरचा माणूस बूच नुसतं टेकवायचा आणि काढायचा. काडी बघून झाल्यावरच आवळायचा."

मी टेकवलं आणि काढलं. काडी जवळजवळ कोरडी. नुसतं टोक ओलं. बूच आवळलं की काडी आट्यांच्या उंचीइतकी आणखी खाली उतरत होती आणि अर्धपोटी गिअरबॉक्स भरल्यासारखा दाखवत होती. आत काहीही चुकलेलं नव्हतं. ज्यांच्या हाताला आयुष्यभर सैल बूच सहन झालं नाही, त्यांच्याकडूनच होईल अशी ही चूक होती.

मला आनंद झाला, पण क्षणभरच. चूक ती चूकच. पप्पांची अट मला पाठ होती.

काकांनाही ते उमगलं. हळूच म्हणाले, "पोरी, गपचूप वत त्याल. भाऊला कशाला कळाया पायजे? इंजिन गरम झाल्यावर आपोआप सुटलं म्हनू."

मी गपचूप फनेल उचललं. खोटं का सांगू, ओतणारच होते. तेवढ्यात पप्पा माझ्यासाठी चहाचा ग्लास घेऊन ट्रेलरच्या शिडीवर हजर.

"काय चाललंय?"

"काही नाही, नुसतं बघतेय."

त्यांची नजर बाजूला ठेवलेल्या सुट्या बुचावर गेली आणि ते भडकलेच. "काडी बघितलीस ना? मग बूच उघडं का? काम अर्धवट टाकायची ही कुठली पद्धत?"

मी बरीच तोंडाळ आहे, पण पप्पांशी खोटं बोलायला मला जमत नाही. "पप्पा, काडी बघताना ते आवळायचंच नसतं," मी म्हणाले. "नुसतं टेकवायचं असतं."

काकांच्या हातातली नळी बुटांवर पाणी सोडत राहिली. पप्पांनी ग्लास माझ्याकडे दिला. बूच टेकवलं, काढलं, बघितलं. आवळलं, खोललं, बघितलं. मग परत एकदा टेकवलं. चष्मा पुसला आणि तोच खेळ पुन्हा. मला वाटत होतं, ओरडा एकदाचं. ते ओरडले नाहीत. माझ्या हातातून फनेल घेतलं आणि तेल स्वतः ओतलं, थोडं थोडं, दर वेळी बूच टेकवून बघत. खुणेला लागल्यावर बूच आवळलं. पाना टक् बोलला. त्यांनी रेघ मात्र मारली नाही.

इंजिन सुरू झालं. लिव्हर पुढे गेला आणि पंखा असा गरगरला की काकांनी "अगं आयाई!" म्हणत नळी फेकून टाळ्या वाजवल्या. मला टाळ्या वाजवता येईनात. पप्पा एकेक पाना फडक्याने पुसून पेटीत ठेवत होते, रोजच्यापेक्षा सावकाश. पेटी बंद झाली. कडी लागली. मी स्कूटरची किल्ली शोधायच्या नावाखाली पर्समध्ये तोंड घातलं, कारण डोळे भरून आले होते.

"तेलाचं माप माझं चुकलं," पप्पा काकांना म्हणाले. इतकं स्पष्ट, की लांबून ऐकू यावं. "हिनं पकडलं, आणि तोंडावर सांगितलं."

"ऱ्हाऊ द्या हो भाऊ, एवढं काय त्यात."

"राहू कशाला द्या? चुकलं म्हणजे चुकलं." ते थोडा वेळ पेटीवर हात ठेवून उभे राहिले. मग पेटी उचलली ती स्कूटरकडे न नेता शेडमधल्या टेबलाखाली सरकवली, आणि काकांना विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?"