चार फुटांचं यार्ड

रविवारी अमरावतीला होतो. एका शाळेच्या हॉलमध्ये छंदांचं प्रदर्शन होतं. अकोल्याहून मी माझी चार फुटी फळी चादरीत गुंडाळून, रेल्वेत मांडीवर धरून नेली... हात अजून दुखतायत, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

फळीवर छोटंसं रेल्वे यार्ड आहे. आमच्या वन बीएचकेमध्ये खेळण्यातली गाडी गोल फिरवायला जागा नाही, म्हणून मी हे कोडं बनवलं. तीन आखूड रूळ, एक इंजिन, आठ मालडबे. डब्यांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या उचलायच्या आणि ज्या क्रमानं निघतील, त्याच क्रमानं पाच डब्यांची गाडी लावायची. डब्यांना हात लावायचा नाही, फक्त इंजिन पुढेमागे करायचं.

सकाळपासून लोक येत होते, "गोल नाही फिरत का?" विचारत होते आणि शेजारच्या बोन्सायकडे वळत होते. दुपारी मी आवरायच्याच बेतात होतो.

तेवढ्यात तिशीतली एक बाई थांबली. सोबत चांदूर बाजारहून आलेल्या तिच्या सासूबाई. तिनं चिठ्ठ्या उचलल्या, आणि पहिला हवा तो डबा नेमका सगळ्यात आत अडकलेला... म्हटलं, ही पण जाणार.

ती गेली नाही. पर्स सासूबाईंकडे दिली आणि नुसती बघत उभी राहिली. मग अडकलेल्या डब्याकडे न जाता तिनं भलतेच दोन डबे ओढून बाजूच्या रुळावर ठेवले. मी चक्रावलो.

"आधी जागा करा लागते," ती म्हणाली.

मग इंजिन पुढे, मागे, रूळ बदलायचा सांधा फिरव, डबा सोड, परत मागे... एकही चाल वाया नाही. बघता बघता पंधरावीस जण जमले. पाचवा डबा टक करून जोडला गेला तेव्हा टाळ्या मीच आधी वाजवल्या. दोन वर्षं हे कोडं खेळतोय, इतकं सफाईदार कधी जमलं नव्हतं मला.

विचारलं, कुठे शिकलात?

"बडनेऱ्याच्या यार्डात पॉइंट्समन आहो मी. सहा वर्षं झाले."

सासूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "तू रोज हे करते?"

"हो आई. डबे खरे असतात, एवढंच."

"मले वाटे, तू निस्ती झेंडी दाखवते..." त्या फळीवरच्या इंजिनाकडे वाकल्या. "म्हणून तर नोकरी सोड, सोड म्हणून तुझ्या मागं लागली होती मी."

सुनेनं त्यांच्या हातातली पर्स परत घेतली. पदर नीट करत सासूबाई म्हणाल्या, "आता नाही म्हणत. पण मले सांग, ते दोन डबे आधी काहून हलवले?"

मी माझी खुर्ची त्यांना दिली. सुनेनं एकेक चाल समजावली, मग सासूबाईंनी स्वतः चिठ्ठ्या उचलल्या. चुकल्या, वैतागल्या, सुनेला "तू बोलू नको" म्हणाल्या... आणि अर्ध्या तासानं त्यांची गाडी लागली. त्यांचा चेहरा काय फुलला होता, सांगू!

गर्दीत नावं विचारायची राहिली. बडनेऱ्याच्या ताई, हे वाचत असाल तर, थांबलात म्हणून मनापासून आभार. आणि आईंना सांगा, घरी येऊन मी त्यांच्याच क्रमानं गाडी लावलीय... अजून मोडलेली नाही.