भाऊंचे गुडघे आणि माझा ताप

भाऊ मोटारसायकलवरून सहसा खाली उतरायचे नाहीत. पडवीच्या पायरीला एक पाय टेकवून ते तिथूनच विचारायचे, "काय, रवंथ करते का? शेण कसं पडतं?" चहा गाडीवर, पान गाडीवर, कुणाशी वाद घालायचा तर तोही गाडीवरूनच. जनावराला हात लावायचा असेल तेव्हा मात्र उतरायचे. माणसांसाठी म्हणून उतरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते गुरांचे डॉक्टर होते आणि मी रत्नागिरीच्या गुरांच्या दवाखान्यात त्यांच्या हाताखाली कारकून.

आम्ही दवाखान्यातली माणसं याला ऐट समजायचो. ते फिरतीवर गेले की मी खुर्चीवर उलटा बसायचो, खुर्चीची पाठ हँडलसारखी धरायचो आणि जड आवाजात शिपायाला विचारायचो, "काय, रवंथ करतोस का?" सगळे पोट धरून हसायचे. ती नक्कल मला फार चांगली जमायची. आता ते आठवलं की मान खाली जाते.

त्यांची दुसरी सवय म्हणजे गाडी नेहमी उतारावर लावायची. सपाटीवर जागा मोकळी असली तरी ते वीस पावलं पुढे जाऊन उतार शोधायचे. निघताना गाडी नुसती सोडून द्यायची. ती चार हात घरंगळली की क्लच सोडायचा, फट्‌फट् करत इंजिन चालू. "दिनू, रत्नागिरीसारखं गाव नाही," ते म्हणायचे. "कुठेही उभा राहा, एका बाजूला उतार असतोच. देवाने फुकट दिलेली किक." आम्ही यालाही हसायचो.

माझं गाव लांज्याच्या बाजूला, आत. एकदा मी रजेवर घरी गेलो असताना काजूच्या बागेत पातेरा, म्हणजे गळलेला सुका पाला, गोळा करणाऱ्या माझ्या आईला फुरसं चावलं. एसटी संध्याकाळी येणार होती. भाऊ त्या दिवशी शेजारच्या वाडीत गुरांना लस टोचायला आलेले होते. कुणीतरी धावत जाऊन सांगितलं, आणि त्यांची गाडी आमच्या अंगणात आली. आईला मध्ये बसवलं, तिला धरून मागे मी. कातळावरचा तो सगळा खडबडीत रस्ता भाऊंनी तिघांचं वजन घेऊन पार केला. मध्ये मध्ये ओरडत होते, "तिला बोलती ठेव! झोपू देऊ नको! कोंबड्यांची नावं विचार तिला!" आई खरोखरच एकेका कोंबडीचं नाव सांगत होती. इंजेक्शनं लागू पडली आहेत असं कळेपर्यंत भाऊ इस्पितळाच्या दारात गाडीवर बसून होते. आई वाचली. त्यानंतर मी नक्कल करणं सोडलं, एवढं तरी सांगता येतं.

निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांनी त्यांनी मला मांडवीच्या उतारावरच्या आपल्या घरी बोलावून घेतलं. आरामखुर्चीत बसून त्यांनी धोतर वर घेतलं आणि म्हणाले, "हात लाव." मी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी पाय हळूहळू सरळ केला तेव्हा आत काहीतरी करकरलं, जात्यात खडा यावा तसं.

"दहा वर्षं झाली याला," भाऊ म्हणाले. "डावाही त्याच वाटेवर आहे. उतरलो की पुन्हा चढताना जीव जायचा, म्हणून उतरत नव्हतो. किक मारवत नव्हती, म्हणून उतार. गाडी होती म्हणून मला चालता येत नाही हे कुणाला कळलं नाही."

 दवाखान्यातली ती खुर्ची माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

मुंबईचा एक सर्जन गुडघा बदलायला तयार झाला होता. परदेशात शिकून आलेला. तेव्हा ही शस्त्रक्रिया आमच्याकडे कुणी ऐकलेलीही नव्हती. गावात बातमी पसरली ती अशी की डॉक्टरांच्या पायात लोखंडाचं बिजागर बसवणार आहेत. सर्जनने तीन महिने तयारी करायला सांगितली होती, आणि भाऊ परीक्षेला बसल्यासारखे तयारीला लागले. वजन कमी करायचं म्हणून भात अर्ध्यावर आणला. कुठे पू राहायला नको म्हणून किडलेले दोन दात काढून टाकले. मांड्यांत जोर यावा म्हणून मांडवीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू पिशवीत भरून ती घोट्याला बांधायची आणि पलंगावर पडून पाय उचलून धरायचा. माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून आकडे मोजायच्या. भाऊ आतून ओरडायचे, "अगं, सातानंतर आठ येतात! पोळी उलटायला कुठे गेलीस?"

नवा गुडघा पुरता दुमडणार नव्हता. उकिडवं बसणं कायमचं बंद. म्हणून त्यांनी सुताराकडून मध्ये भोक असलेली एक भक्कम खुर्ची करून घेतली, आणि ती कशी झाली आहे ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. माई लाजून आत जायच्या. "लाज कसली?" भाऊ म्हणायचे. "तीस वर्षं गुरांच्या शेणात हात घालून बसलो. आता स्वतःचं आलं तर लाजू?" कुबड्याही आधीच आणल्या आणि पडवीत त्या घेऊन चालायचा सराव सुरू केला. त्यांना इतक्या उत्साहात मी नोकरीतही पाहिलं नव्हतं.

मुंबईला तीन बाटल्या रक्त लागणार होतं. गट कुठलाही चालेल, पण आपल्या माणसांनी तेवढं रक्त पेढीत भरायला हवं. भाऊंना मूलबाळ नव्हतं. एक भाचा मुंबईत होता, त्याने एक बाटली कबूल केली होती. हे बोलणं निघालं तेव्हा पडवीत सात-आठ माणसं बसली होती. मी उठून उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "भाऊ, दुसरी बाटली माझी. मी तुमच्याबरोबर येतो. माझी आई आहे ती तुमच्यामुळे." माईंनी डोळ्यांना पदर लावला. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. तिसऱ्या बाटलीचं तिथे गेल्यावर बघू, असं ठरलं.

पुढच्या आठवड्यात माझी मावशी आली. माझं लग्न ठरलं होतं, मुहूर्त दोन महिन्यांवर होता. रक्ताचं ऐकून तिने कपाळावर हात मारला. "अरे, बोहल्यावर चढायचंय तुला आणि रक्त कसलं देतोस? पुरुषाची ताकद जाते त्याने. मग आयुष्यभर बस रडत." मी शिकलेला माणूस. गाईच्या मानेत जाडजूड सुई जाताना रोज बघणारा. तिला हसायला हवं होतं. पण ते शब्द डोक्यात बसले. स्वतःच्या दंडात सुई आणि नळीतून रक्त चाललंय, हे चित्र डोळ्यांपुढून जाईना. जायचा दिवस जवळ आला तशी ही भीती वाढत गेली, आणि ती कुणाला सांगायचीही लाज वाटली.

संध्याकाळच्या एसटीची तिकिटं काढलेली होती. त्या दिवशी सकाळी मी शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवली: अंगात ताप आहे, उठवत नाही, क्षमा असावी.

मी मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या गल्लीत माडीवरची एक खोली घेऊन राहत होतो. चिठ्ठी गेली आणि मन एकदम हलकं झालं. इतकं की भूक लागली. बंदरावर जाऊन ताजे बांगडे घेतले, तिखट-मीठ लावून तव्यावर टाकले. एवढ्यात गल्लीत ओळखीची फटफट ऐकू आली आणि इंजिन बंद झालं. भाऊ खालून हाक मारतील, असं मला वाटलं. स्टोव्ह बंद केला, गादीवर पडून गळ्यापर्यंत पांघरूण ओढलं आणि हाकेची वाट बघू लागलो.

हाक आली नाही. लाकडी जिन्यावर पाऊल वाजलं. मग थांबणं. मग दुसरं पाऊल, आणि दमलेला श्वास. त्या जिन्याला अकरा पायऱ्या होत्या. मी त्या पडल्या पडल्या मोजल्या.

भाऊ दारात आले तेव्हा घामाने निथळत होते. एका हातात पेजेचा डबा. "माईने दिलीय. गरम आहे तोवर घे," म्हणाले आणि माझ्या ट्रंकेवर टेकले. खोलीभर बांगड्यांचा वास होता. तवा अजून चरचरत होता. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग खिशातून थर्मामीटर काढला. "घरचा आहे, गुरांचा नव्हे. तोंड उघड."

मी तोंड उघडलं. ती दोन मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. त्यांनी थर्मामीटर काढून खिडकीच्या उजेडात धरला, नीट वाचला, झटकला आणि खिशात ठेवला.

"आहे," ते म्हणाले. "ताप आहे थोडा. पडून राहा."

मला वाटलं आता ते रागावतील, आणि मग मला रडता येईल, सगळं सांगता येईल. ते रागावले नाहीत. ट्रंकेला हात देऊन उठले. मी अर्धवट उठलो तसं म्हणाले, "उठू नको. ताप आहे ना तुला?"

ते दाराबाहेर गेले. मग जिन्यावरून पावलं वाजली नाहीत, काहीतरी घासल्याचा आवाज आला. मला कळलं, ते बसून एकेक पायरी खाली सरकत होते. धोतरात. भर दुपारी, गल्लीतल्या बायाबापड्यांसमोर. मला उठून जायला चार पावलं पुरली असती. पण उठलो असतो तर ताप खोटा ठरला असता. मी पडून राहिलो. खाली गाडी घरंगळल्याचा आवाज आला, इंजिन फटफटलं आणि गल्लीतून निघून गेलं.

शस्त्रक्रिया चांगली झाली. माईंनी नंतर सांगितलं की दुसरी आणि तिसरी बाटली गिरणीत कामाला असलेल्या दोघा भावांनी दिली. भाऊंनी कधीकाळी त्यांच्या घरची अडलेली म्हैस सोडवली होती. कुणाकडून तरी कळलं म्हणून दोघे आपणहून इस्पितळात आले. थोरला म्हणाला, "डाक्टर, माजा रगत घ्या. तुमी वाचवलेल्या म्हशीच्या दुदावरच तर ता झालाय." हे सांगताना माई हसत होत्या. माझ्याकडे बघून हसत होत्या, मनात काही न ठेवता. भाऊंनी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं.

भाऊ परत आल्यावर मी त्यांना भेटायला जायचं टाळलं. लग्नाची पत्रिकासुद्धा पोस्टाने पाठवली. अंतर होतं मैलभराचं. तरी भाऊ लग्नाला आले. हातात काठी, पाय सरळ. मांडवात माझ्या बायकोला म्हणाले, "मुलगा सज्जन आहे हो. मी आठ वर्षं बघितलाय." मी वाकून नमस्कार केला तो जरा जास्तच वेळ, वर बघायला नको म्हणून.

वर्षभराने मी बदली मागून घेतली, सांगलीकडे. लोकांना सांगितलं बढती आहे. निघायच्या आदल्या दिवशी मात्र मी त्यांच्याकडे गेलो. ते आगरात माडांना पाणी घालत फिरत होते. मी तिथेच म्हणालो, "भाऊ, मला तेव्हा ताप नव्हता."

"नव्हता," ते म्हणाले. "मला वाचता येतं."

"मी घाबरलो होतो."

भाऊंनी कळशी खाली ठेवली. "दिनू, पेज पोचवायला मी कुणालाही पाठवलं असतं. मी स्वतः का आलो, विचार. मलाच जायचं नव्हतं मुंबईला. कुबड्या, खुर्ची, वाळू, सगळं करत होतो ते भीती लपवायला. तुझी चिठ्ठी आली आणि बरं वाटलं. दिनू आजारी, एक बाटली कमी, चला, ढकलू पुढे. तुझा ताप खरा निघावा म्हणून मी तो जिना चढलो रे. आणि वर बघतो तर तू पांघरुणात. तुझं तोंड बघितलं आणि माझी मलाच लाज वाटली. तसाच मुंबईला गेलो."

हे खरंच तसं होतं, की माझ्या मनावरचं ओझं कमी करायला त्यांनी तिथल्या तिथे रचलं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. तेव्हा मी फक्त त्यांची कळशी उचलली आणि उरलेल्या माडांना पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एसटी स्टँडवर आम्हाला पोचवायला आले, मांडवीपासून चालत. बस हलली तेव्हा काठी न टेकता उभे होते. ते मला शेवटचे दिसले ते तसे. चार वर्षांनी ते झोपेत गेले, आणि मला पत्र मिळालं तोवर दिवसकार्य उरकलं होतं.

त्या दिवशी बस हातखंब्याच्या पुढे गेल्यावर बायकोने विचारलं, "डोळे का भरले तुमचे?" मी तिला सगळं सांगितलं, मावशीच्या बोलण्यापासून भाऊंच्या कालच्या बोलण्यापर्यंत.  साखरपा आल्यावर ती हळूच म्हणाली, "रक्ताचं सोडा. माणसाला भीती वाटते. पण ते जिना उतरत होते तेव्हा तरी उठायचं होतंत."

मी "हो" म्हणालो.